जुना पार्ट, मालकाच्या हातात

काम संपलं की मिस्त्री आधी हात पुसायचे. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने एकेक बोट, मग नखं. त्यानंतर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी ते गाडीच्या मालकापुढे धरायचे.

"हं, धरा. जुना पार्ट, मालकाच्या हातात."

गाडीतून काढलेला झिजलेला भाग त्या पुडीत असायचा. तो घेतल्याशिवाय किल्ली मिळत नसे. सत्तरच्या दशकात राजारामपुरीकडून उद्यमनगरला जाणाऱ्या रस्त्यावर तुमची गाडी कधी बंद पडली असेल, तर अशी एखादी पुडी तुम्हीही घरी नेली असेल. बऱ्याच जणांनी ती वाटेतच टाकून दिली असेल. मिस्त्रींची त्याला हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच असे, "नवा घातला म्हणून कोण बी सांगतंय. काढलेला दाखवायचा. मग विषय मिटला."

मी त्या वेळी गावातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. कचेरीची एक जीप होती. अंकाचे गठ्ठे पहाटे आजऱ्यापर्यंत पोचवायचे आणि दुपारी बातमीदारांना हिंडवायचं, अशी दोन कामं ती करी. चालवायचा दत्तू. तो आजऱ्याकडचाच, तिशीतला, कमी बोलणारा. जीपची देखभाल मिस्त्रींकडे होती. व्यवस्थापकांना टेबलावर तेलकट वस्तू चालत नसत, म्हणून जीपच्या पुड्या दत्तू माझ्या कपाटात आणून ठेवी. मी त्यावर तारीख आणि भागाचं नाव लिहीत असे. ही सवय मला नोकरीने लावली होती.

गाडी दुरुस्त होईपर्यंत दुकानासमोरच्या लाकडी पेटीवर बसावं लागे. तिथे बसून मी मोटार शिकलो. मिस्त्रींचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण समजावण्याची हातोटी मोठी होती. क्लच म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आखाड्यातला पंच. इंजिन एक पैलवान, गिअर दुसरा. दोघं एकमेकाला धरल्यात. पंचानं हात घातला की सुटत्यात. तवा डाव बदलायचा. पंच नसला तर हाडं मोडतील की."

डिफरन्शियलसाठी त्यांनी जत्रा घेतली. "बाप पोराचा हात धरून वळतोय. आतला बाप चार पावलं टाकतोय, भायेरचं पोरगं आठ. चाकांचं बी तसंच. दोघांस्नी सारखं पळाय लावलं तर पोरगं आपटलं न्हवं का?"

कार्बुरेटर त्यांच्या लेखी आमटी करणारी बाई होती. हवा आणि पेट्रोल मापाने कालवायचं. "माप चुकलं की घरधनी खोकाय लागला." डायनामो कमावता, बॅटरी साठवणारी. इंजिनात आवाज असला की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक धातूवर टेकवून लाकडी मूठ ते कानाला लावत आणि डावा हात वर करत. तो हात खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकदा आमच्या संपादकांनाही त्यांनी तसंच गप्प बसवलं होतं.

ब्रेकबद्दल मात्र त्यांनी विनोद केला नाही. जीपचा मास्टर सिलिंडर उघडून त्यांनी आतली काळी रबरी वाटी माझ्या तळहातावर ठेवली. तिला ते वायसर म्हणत. "तुम्ही पाय दाबता, त्यो निरोप. तेल म्हंजे टपालवाला, निरोप चाकापतुर नेणारा. आनि ह्यो वायसर त्याला मागनं ढकलतोय. ह्याची कड फाटली की तेल मागं पळालं. पाय जमिनीला लागतोय, चाकाला पत्त्या न्हाय."

मग खिशातून पन्नास पैशांचं नाणं काढून त्यांनी वाटी त्यावर ठेवली. नाणं पूर्ण झाकलं गेलं. "ह्यो जीपचा. लहान मोटारीचा ठेवला तर कडंनं नाणं दिसतंय. अंधारात बी फसायचं न्हाय."

या माहितीवर मी रविवारच्या अंकात आठ आठवडे एक सदर लिहिलं. नाव माझं होतं. मिस्त्रींनी आठही कात्रणं दुकानाच्या फळीवर चिकटवली आणि मला एवढंच म्हणाले, "काय बातमीदार, डोस्कं आमचं, नाव तुमचं. चालतंय की."

दोन पावसाळ्यांनंतरची गोष्ट. जीपचं ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, अशी तक्रार दत्तूने केली. गाडी मिस्त्रींकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. दत्तूने पुडी माझ्या कपाटात ठेवली. मी वर लिहिलं, 'मास्टर सिलिंडर, वायसर'.

बारा दिवसांनी मी आणि दत्तू आजऱ्याला निघालो होतो. दुपारची वेळ होती आणि मला डोळा लागला होता. जाग आली ती दत्तूच्या आवाजाने. "सायेब, धरा. ब्रेक न्हाय." उतार होता आणि खाली बैलगाडी होती. त्याने हँडब्रेक ओढला आणि जीप डाव्या हाताच्या दरडीवर घातली. बैलगाडी वाचली. माझा खांदा ठेचला. दत्तूचा उजवा गुडघा स्टिअरिंगखाली चिरडला.

जीप ओढून आणली तीही मिस्त्रींच्याच दारात. दुसरीकडे नेण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

तीन आठवड्यांनी कचेरीत चौकशी ठरली. दत्तूने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली असावी, पेट्रोल वाचवायला चालक असं करतात, असं व्यवस्थापकांचं मत होतं. तसं ठरलं असतं तर त्याची नोकरी जाणार होती. घरी आई, बायको, दोन मुली. गाडी गिअरमध्ये होती की नव्हती हे मी सांगू शकत नव्हतो. मी झोपलो होतो.

चौकशीच्या आदल्या दिवशी कपाट उघडून मी ती पुडी सोडली. आतल्या वाटीची कड फाटलेली होती. मी ती पन्नास पैशांच्या नाण्यावर ठेवली. चहूबाजूंनी नाणं दिसत होतं.

संध्याकाळी मी दुकानात गेलो आणि वाटी मिस्त्रींच्या समोर धरली. त्यांनी स्वतःच्या खिशातलं नाणं काढलं आणि वाटी त्यावर ठेवून पाहिली.

"पुण्यास्नं माल आला न्हवता," ते म्हणाले.

"म्हणजे जुनाच परत घातलात?"

"धुऊन घातला. तुमच्या म्यानेजरचा माणूस दोनदा आलता. उद्या पाटं गाडी पायजे म्हणं, न्हाय तर दुसरा मिस्त्री बघतो. माल आला की बदलणार हुतो. आईशप्पत."

"आणि ही पुडी? ही तर दुसऱ्या मोटारीची."

"पुडी मागितली असती की तुम्ही."

वाटी मी परत कागदात बांधली. मग मी विचारलं, "जीपमधला वायसर कुठे आहे?"

"काढलाय. जपून ठेवलाय. फाटलाय."

"उद्या घेऊन याल? दत्तूचं सगळं त्यावर आहे."

"आनतो की. दत्तू मला मामा म्हणतोय. त्याच्या पोटावर पाय दीन व्हय मी?"

त्यांनी डावा हात वर केला, इंजिन ऐकताना करत तसा. मी गप्प बसलो आणि घरी आलो. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हे इथे नोंदवायला हवं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धुतलेला सदरा घालून आले. हात मोकळे होते. दत्तू कुबडीवर दाराशी उभा होता. व्यवस्थापकांनी त्याला खुर्ची दिली नव्हती.

"ब्रेक तुम्ही पाहिले होते?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"व्हय. वायसर नवा घातलेला. ब्रेक बरोबर हुतं."

"मग अपघात कसा झाला?"

"उताराला गाडी न्यूट्रल आसंल. ब्रेक तापला की धरत न्हाय."

दत्तू म्हणाला, "मामा, गाडी तिसऱ्यात हुती." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी पुडी टेबलावर ठेवली. वाटी जीपची नाही हे नाण्यावर ठेवून दाखवलं आणि आदल्या संध्याकाळचं बोलणं सांगितलं. व्यवस्थापकांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"असलं काय बोलणं झालं न्हाय," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आनि ही पुडी माझी कशावरनं? कागुद तुमच्या छापखान्याचा. वर अक्षर ह्यांचं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जीपमधल्या वायसरबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "टाकला. फुटक्या मालाचं काय लोणचं घालायचंय?" व्यवस्थापक हसले. चौकशी वीस मिनिटांत संपली. दत्तूला पंधरा दिवसांचा पगार देऊन काढलं. मी संपादकांना दोन पानांचं पत्र लिहिलं. ते मला परत मिळालं. जीपची देखभाल मिस्त्रींकडेच राहिली.

मी त्या दुकानावर जाणं थांबवलं. रस्ता तोच असल्याने ते दिसत. बॉनेटमध्ये वाकलेले, मूठ कानाला, डावा हात वर. फळीवर माझी आठ कात्रणं पिवळी पडत होती. ती त्यांनी काढली नाहीत. एकदा माझी सायकल त्यांच्या दारातच पंक्चर झाली. मान वर करून ते म्हणाले, "काय पावणं, वाट चुकला व्हय?" इतकी वर्षं त्यांच्या तोंडी मी 'बातमीदार' होतो. मी सायकल हातात धरून पुढे गेलो.

दत्तू आजऱ्याला परतला. काजूच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसून करायचं काम त्याला मिळालं. गुडघा पुन्हा वाकला नाही.

असं एक तप गेलं. मिस्त्री वारल्याचं मला कचेरीतच समजलं. चार ओळींची बातमी एका नव्या उपसंपादकाने लिहिली होती. 'जुन्या पिढीतील कुशल व विश्वासू मिस्त्री' असं तिचं पहिलं वाक्य होतं. मी 'व विश्वासू' खोडलं आणि बातमी जुळणीला पाठवली.

मिस्त्रींच्या बाराव्याला आलेला दत्तू तिथून मला भेटायला कचेरीत आला. पाय लांब करून तो बाकावर बसला आणि पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"मिस्त्रीमामा महिन्यामागं आजऱ्याला आलते," तो म्हणाला. "यष्टीनं. लई वाळल्याले. ही दिली. चा बी घेतला न्हाय."

"काही बोलले?"

"तेच की. जुना पार्ट, मालकाच्या हातात." त्याने पुडी माझ्याकडे सरकवली. "मी कुठला मालक, सायेब? ठेवा तुमच्याकडं. माझ्या काय कामाची आता?"

त्याला परतीची गाडी गाठायची होती. तो गेल्यावर मी पुडी सोडली. आत काळी रबरी वाटी होती आणि तिची कड अर्ध्या घेरापर्यंत फाटली होती. माझ्या खणात पन्नास पैशांचं ते जुनं नाणं अजून होतं. वाटी मी त्यावर ठेवली. नाणं पूर्ण झाकलं गेलं.

मग मी कागद सरळ केला. अंक आमचाच होता. तारीख चौकशीच्या आदल्या दिवसाची होती.