दगडावरचं वाक्य

तेरा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यालाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — कोल्हापूरहून हुपरीच्या बसनं तुम्ही कधी आलात, तर आमच्या चौकातल्या दगडावरचं वाक्य वाचाल आणि हात जोडाल, म्हणून.

आमचं घर चांदीच्या कामाचं. सासर दोन गल्ल्या पलीकडं, पण पैंजणांना घुंगरू जोडायला मी अजून माहेरीच बसते. माझा धाकटा भाऊ सुहास फौजेत होता — आणि बर्फात गेला. दगडावर त्याचे शेवटचे शब्द कोरलेत : 'आईला सांगा, मी मागे हटणार नाही.' दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला शाळेची मुलं ते मोठ्यानं म्हणतात, माजी सैनिक सलामी देतात, वीरमाता म्हणून आईला पुढच्या खुर्चीत बसवतात. आणि मी? मी हार घालते.

ते शब्द सुहासचे नाहीत. माझे आहेत.

शेवटचा फोन मी घेतला, हे गावाला माहीत आहे. सकाळची वेळ, मांडीवर पैंजण, मान वाकडी करून कानाशी धरलेला मोबाइल. सुहास रडत होता. "अक्का, इथं लांबवर कोण न्हाय, आणि चार दिवस झालं, बर्फातनं घुंगरं वाजल्यागत ऐकू येतंय. लई भ्या वाटतंय गं. आईला दे की."

मला काय वाटलं असेल? काळजी? दया? — नाही हो. लाज वाटली. भरती झाला तेव्हा गल्लीनं गुलाल उधळला होता, आणि हा असा रडतोय! आई मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होती, हाकेच्या अंतरावर. मी म्हणाले, "आई घरात न्हाय. आणि असा रडणार असशील तर फोनच करू नगंस."

त्यानं केला नाही. तीन दिवसांनी बर्फाचा कडा कोसळला.

दारात माणसं जमली. कुणीतरी विचारलं, शेवटचं काय बोलला? — आणि ते वाक्य माझ्या तोंडून पाठ असल्यासारखं निघालं. पुढं ते दगडावर गेलं.

माझं बोलणं आईनं त्या दिवशी ऐकलं असेल का? असेलही. मी कधी विचारलं नाही. पण सुहासचं? ते तर फक्त माझ्या कानात होतं.

यंदा कार्यक्रम संपला, मांडव उतरवत होते. आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही. ती दगडापाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे त्येचं न्हाय," म्हणाली. मग माझ्याकडं न बघताच — "त्येला घुंगरं ऐकू येत हुती."

मी तिच्या कानाशी ओरडले, "कुणी सांगितलं तुला?"

"त्येनंच की. रोज सकाळी सांगतोय."

तेव्हापासून रोज सकाळी मी कामाला बसले की आई समोर येऊन बसते. माझ्या हातातलं घुंगरू जरा हललं, तरी तिची मान वळते — तिची, जिला दाराची कडीही ऐकू येत नाही. मग ती हात पुढं करते, तळवा वर.

"दे," म्हणते. "माझ्यासंगं बोलायचंय त्येला."

आई घरात होती. मी फोन दिला नाही.