गाडी चालवायचे बूट

पुण्याला कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो होतो, तेव्हा ते बूट घेतले. दुकानदार म्हणाला, हे ड्रायव्हिंग शूज, खास गाडी चालवायचे. मऊ कातडं, नाडी नाही, तळाला रबरी ठिपके, ते टाचेवरही चढलेले. क्लच दाबला की पेडल थेट तळव्याला कळायचं. गाडीपुरते म्हणून घेतलेले ते बूट मी हळूहळू बँकेत, बाजारात, लग्नात, सगळीकडे घालू लागलो. दिवसात दहा घरांच्या उंबरठ्यांशी बूट काढणाऱ्या माणसाला वाकायला न लावणारं पायताण मिळालं की ते सुटत नाही. खोट एकच. त्यांना चिखल चालत नाही.

मी बीटी कपाशीचं बियाणं विकायचो. माझी थोरली बहीण आमच्याच भागातल्या उंद्री गावात दिलेली. भाऊजींना पाकिटं मीच नेऊन दिली होती. "बोंडअळीची फवारणी आता विसराच," हेही मीच म्हणालो होतो. मला नोकरी लागल्यापासून ते मला अहो-जाहो करत.

एका वर्षी दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणून. गेलो, तर आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. भाऊजी आणि ताई कपाशीच्या पऱ्हाटीत उभे होते. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावरच थांबलो.

"आत या ना, पाहा जरा."

"इथूनही दिसतंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग ओंजळभर बोंडं तोडून तेच माझ्यापाशी आले आणि एकेक अंगठ्यानं फोडून दाखवू लागले. आत पिवळा पडलेला कापूस, आणि त्यात गुलाबी अळी.

"फवारणीला उशीर केला तुम्ही, भाऊजी."

"तुम्हीच त म्हटलं होतं, फवारा लागत नाई म्हून."

मी गाडीकडे वळलो, तोच पाय घसरला आणि काळी माती बुटाला चिकटली. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. बोंडं फोडताना निघालं नव्हतं. भाऊजी लगेच खाली बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बूट पुसू लागले. मी पाय मागे घ्यायला हवा होता. मी तो, त्यांना नीट पुसता यावा म्हणून, जरा पुढे केला.

ताई पाहत होती. "लग्नात बाबानं तुह्या भाऊजीचे पाय धुतले होते रे," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या हंगामात मी तेच बियाणं दुसऱ्या गावांत विकलं. बूटही टाकले नाहीत. तसल्याच बुटांचा आता तिसरा जोड चालू आहे.

माफी मागायला मला बरीच वर्षं लागली. उंद्रीला जेवायला बसलो असताना कसंबसं बोललो.

"कोनता बूट?" भाऊजी म्हणाले. "मले त काई आठवत नाई. भाकर घ्या अजून."

ताईला आठवत होतं. तिनं माझ्या ताटात भाकर वाढली आणि माझ्याकडे न पाहता आत निघून गेली.