चांदणी नसलेलं घर

नाताळ जवळ आला की आमच्या चर्चची मंडळी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. सगळ्यांना ढोलकीवरची गाणी हवी असतात. मला मात्र जुनी, संथ, जरा उदास चालीचीच आवडतात. "सणासुदीला कसली ही रड?" असं बायको म्हणते.

यंदा मार्थाकाकूंच्या दारावर नाताळात घरोघर लागते ती कागदी चांदणी नव्हती. काका उन्हाळ्यातच गेले. अशा दुखवट्याच्या घरी आम्ही ढोलकी फाटकाबाहेरच ठेवतो आणि एकच जुनं गाणं हळू म्हणतो. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटच्या कडव्याला त्यांनीही सूर मिसळला. मग म्हणाल्या, "आत या, करंज्या केल्यात."

जल्लोषाच्या गाण्याला हे दार उघडलं नसतं, असं मला वाटलं. परतताना ढोलकी बायकोच्या हातात होती, पण ती वाजवत नव्हती. तेच गाणं गुणगुणत होती.