प्लेटलेट्सचं कपाट

धम्मदीपाला सकाळपासून घास उतरत नव्हता. चारला मीटिंग होती आणि तिचं अजून काहीच ठरत नव्हतं.

कामरगावात घरी बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत होती. कोड लिहायच्या आधी त्यात कोणती वस्तू कशी असेल, कशाचं कशाशी नातं असेल, हे सगळं लिहून काढायचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. पुढे सगळी टीम त्यावरच कोड लिहिणार. आपलंच चुकलं तर, या विचाराने ती लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडत होती.

तिचे वरिष्ठ सतीश सर म्हणाले होते, "इनहेरिटन्स वापर. 'रक्तघटक' हा मूळ प्रकार. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स ही त्याची लेकरं. रक्तगट, मुदत, सगळं वारशानं मिळेल. सॉफ्टवेअरमधलं साठ्याचं कपाटही एकच ठेव, रक्तघटक घेणारं."

तिने तसंच लिहिलं आणि वाचताना अडखळली. लाल पेशींचं कपाट रक्तघटक घेतं. प्लेटलेट्सही रक्तघटकच. मग चुकून त्या तिथे गेल्या तर सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही.

वाशीमच्या रक्तपेढीत तिची मैत्रीण रूपा कामाला होती. तिला फोन लावला.

"रूपा, प्लेटलेट्स लाल पेशींच्या फ्रीजमंदी ठेवल्या तं?"

"कायले ठेवतं वं? खराब होतात त्या. त्याइले बाहेर, मशीनवर हलवत ठेवा लागते. पण तू काहून इचारून राह्यली?"

धम्मदीपाने फोन ठेवला आणि लिहिलेलं पुन्हा उघडलं.

दुसरी वाट जेनेरिक्सची. कपाटाचा साचा एकच, पण ते कशासाठी हे बनवतानाच सांगायचं. लाल पेशींचं म्हटलं की त्यात प्लेटलेट्स टाकणारा कोड चालूच होणार नाही. पण मग प्रत्येक कपाट वेगळ्या प्रकारचं; ती सगळी एका यादीत कशी घ्यायची? एकूण साठ्याचा अहवाल कसा काढायचा? दोन्हीकडून कोंडी.

"तोंड काहून उतरलं वं तुयं?" तिच्या आईने, भागिरथाबाईंनी, ताट पुढे ठेवलं. "दोन घास तं खाय."

"मीटिंग झाल्यावर खातो, आई."

मीटिंगमध्ये तिने धीर करून जेनेरिक्सचं नाव घेतलं. सतीश सरांनी नेमकं तेच विचारलं, "आणि अहवाल?"

तेवढ्यात लाईट गेली, वायफाय बंद. फोन घेऊन ती गच्चीवर पळाली. रेंज शोधता शोधता तिच्या मनात आलं, अहवालाला कपाटात काही ठेवायचं कुठे असतं? फक्त बघायचं असतं.

"सर," कॉल जोडला जाताच ती म्हणाली, "रक्तगट, मुदत वारशानंच येऊ द्या. ठेवणं मात्र ज्याचं त्याच्याच कपाटात. अहवालाला सगळी कपाटं नुसती पाहता येतील, त्यांत काही टाकता येणार नाही."

सरांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"कोड वाढेल," सर शेवटी म्हणाले. "टीम कुरकुर करेल. त्यांना उत्तरं तुलाच द्यावी लागतील. पाठव लिहून."

पुढचे काही आठवडे फोन वाजला की ती आधी नाव कोणाचं ते पाहायची. मग एका सकाळी टीममधल्या निकिताचा फोन आला.

"दीपा, तुझ्या डिझाइननं माझा कोड अडलाय. कपाट वस्तूच घेत नाही."

धम्मदीपाने लॅपटॉप उघडला. ओळ सापडली. निकिताने जुन्या ओळी उचलून चिकटवल्या होत्या. त्यांत प्लेटलेट्स लाल पेशींच्या कपाटात चालल्या होत्या आणि कपाटाने त्या अडवल्या होत्या.

"वाच बरं ती ओळ," ती म्हणाली.

निकिताने वाचली. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि हसली.

धम्मदीपाला काही हसू येईना. फोन ठेवून ती आईजवळ चुलीपाशी जाऊन बसली. प्लाझ्माचं कपाट आपण नीट तपासलं होतं ना, हे तिला आठवत नव्हतं.