शेटजींनी पसंत केलेला स्टेअरिंग बॉक्स

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. पण त्या सकाळी जेवढा घाबरलो तेवढा कधीच घाबरलो नाही, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत गुन्हा म्हणावा असं माझ्या डोळ्यांसमोर काही घडलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कारंजा ठाण्यात फौजदार होतो. मी देशावरचा माणूस, वऱ्हाडी बोली कळायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. रामनवमीची पोहरादेवीची यात्रा होती. निम्मा स्टाफ आणि ठाण्याची एकुलती एक जीप बंदोबस्ताला गेलेली. ठाण्यात मी, एक जुना हवालदार आणि दोन शिपाई.

नऊच्या सुमारास एसटी स्टँडजवळचा गॅस वेल्डिंगवाला आला. चाळिशीचा, सडपातळ, हातावर भाजल्याचे डाग. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, शेटजीची मोठी गाडी आत्ताच मानोऱ्याकडं गेली. ते गाडी थांबवा."

"का? चोरीची आहे?"

"नाही जी. तिच्या स्टेअरिंगचा भरोसा नाही."

ही गाडी सगळ्या गावाला माहीत होती. गावातल्या एका जैन कापूस व्यापाऱ्यानं एका जुन्या जमीनदाराकडून घेतलेली अमेरिकन गाडी. बोटीएवढी लांब, आणि पावर स्टेअरिंगवाली. म्हणजे एवढं धूड, पण आत तेलाच्या दाबाची योजना असल्यामुळं एका बोटानं स्टेअरिंगचं चाक वळायचं. शेटजींचा तिच्यावर फार जीव. तिचा स्टेअरिंग बॉक्स गळायला लागला तेव्हा त्यांनी गावातल्या गॅरेजवाल्याला सांगितलं, की मुंबईच्या जुन्या बाजारातून आण. नवा मिळणं शक्यच नव्हतं. गॅरेजवाल्यानं खोलून पुन्हा बांधलेले, रिकंडिशन केलेले दोन बॉक्स आणले, एक काळा आणि एक रंगवलेला, आणि शेटजींना निवडायला लावले.

वेल्डरचं म्हणणं असं, की त्यातल्या एका बॉक्सचा दांडा तडकलेला होता. हा दांडा बॉक्सच्या बाहेर येतो आणि त्याच्यावरच पुढची चाकं वळतात. गॅरेजवाल्यानं तो त्याच्याकडून वेल्ड करून घेतला, वर घासून गुळगुळीत केला.

"मले म्हने, पोराईले शिकवाले ठेवतो, गाडीत लावत नाही. मंग आयकलं का शेटजीनं रंगवलेला बॉक्स घेतला. थो दांडा त्याच्यातच टाकला असन तर?"

"शेटजींना का नाही सांगितलंस?"

"त्या गॅरेजच्याच कामावर माहं घर चालते साहेब. अन् शेटजी कोनाचं आयकनार?"

गाडीत शेटजी, शेठाणी आणि म्हातारा ड्रायव्हर. दरवर्षी यात्रेच्या वाटेवर शेटजींची पाणपोई असते, तिच्या उद्घाटनाला ते निघालेले. आणि त्या वाटेवर त्या दिवशी काय असतं ते बंदोबस्त केलेल्यालाच कळेल. तांडेच्या तांडे पायी चाललेले, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, मधून बैलगाड्या. रस्त्याच्या दोन्ही कडा माणसांनी भरलेल्या. त्यात ते धूड सुटलं तर किती माणसं खाली येतील ते मोजवेना.

मानोऱ्याला अर्जंट ट्रंक कॉल लावला. लागायला वीस मिनिटं गेली. तिकडून एकच उत्तर, सगळे यात्रेत आहेत साहेब, आणि मोठी गाडी म्हणाल तर ती आत्ताच पुढं गेली.

तोवर शिपायांनी गॅरेजवाल्याला आणलं होतं. गडी तरतरीत, केसांना तेल, बोलायला गोड. त्यानं येतानाच दुसरा बॉक्स पोत्यात घालून आणला. काळा, तेलकट, ओबडधोबड.

"हा घ्या साहेब तडकलेला. शेटजीले मी चांगलाच देल्ला. त्याईनं सोता निवडला, पाच मानसाईच्या समोर."

आता मोठी पंचाईत. बॉक्स खोलून पाहायचा तर तासभर मोडणार. हा खरं बोलत असला तर मी यात्रेच्या वाटेवर गावच्या मोठ्या माणसाला अडवून तमाशा करणार, आणि खोटं बोलत असला तर बसल्या बसल्या माणसं मारणार. दरडावून उपयोग नसतो हे मला ठाऊक होतं. घाईत दरडावलं की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलतोच असं नाही. मी त्याला साधं विचारलं, शेटजींनी निवडला कसा?

तो हसला. "कापसाचे व्यापारी ना जी ते. दोनही बॉक्स हातानं फिरवून पाह्यले. हा काळा जरासा ढिला लागला. त्या रंगवलेल्यात तसूभर ढिल नाही. म्हनले, ढिली गठाण खोटी, घट्ट गठाण खरी. हाच लाव."

रुईच्या गठाणीला, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठीला, तो नियम बरोबर असेल. पण बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो आवळला की झिजलेला बॉक्ससुद्धा घट्ट लागतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दारात उभा असलेला वेल्डर हळूच बोलला, "घट्ट तं करता येते साहेब." गॅरेजवाल्यानं त्याच्याकडं असं पाहिलं की मला निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

उरलेलं निम्मं काढायला मी उठून टोपी घातली. म्हटलं, "ठीक आहे. तुझा माल चांगला आहे ना? चल आमच्याबरोबर. शेटजींच्या गाडीला यात्रेच्या गर्दीतून परत आणायचंय. स्टेअरिंगवर तू बस, आणि शेजारी तुझ्या बायकोला बसव. तिलाही यात्रा दाखवून आण."

त्यानं पाणी मागितलं. गडूतलं निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"साहेब," तो म्हणाला, "थांबवा ते गाडी."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि जिनिंग कारखान्याचा एक रिकामा ट्रक ताब्यात घेतला. पुढं मी, मागं शिपाई, वेल्डर आणि गॅरेजवाला. चैत्राचं ऊन. मानोरा सोडलं आणि वाट माणसांनी भरली. ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालला होता. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पुढं घोळका दिसणार, रडणं ऐकू येणार. एका ठिकाणी खरोखर माणसं गोळा झालेली दिसली. जवळ गेलो तर बैलगाडीचं चाक निखळलेलं. मी त्या गाडीवानाला उगाच रागावलो, आणि तो बिचारा उगाच माझी माफी मागत राहिला.

पोहरादेवी नजरेच्या टप्प्यात आली तेव्हा ती लांब गाडी दिसली. गर्दीतून मुंगीच्या पावलानं चालली होती आणि पुढं उतार होता. हॉर्न वाजवायची हिंमत होईना. म्हातारा दचकून चाक ओढायचा. मी खाली उतरलो, माणसांतून वाट काढत धावलो आणि ड्रायव्हरच्या खिडकीला हात टेकवून शक्य तेवढ्या शांतपणे म्हणालो, "बाबा, चाक जसं आहे तसंच धरा. हळू ब्रेक दाबा."

गाडी थांबली. मी दाराला टेकून उभा राहिलो.

शेटजी तापले. "काय लावलं हे फौजदारसाहेब? लोकं पाहून राह्यले. आमी काय चोर हावो?"

मी त्यांना, शेठाणींना आणि ड्रायव्हरला उतरवलं, चाकांखाली दगड लावले, माणसं लांब केली आणि गॅरेजवाल्याला सांगितलं, बस आत आणि इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीचं स्टेअरिंग पार इकडून तिकडं फिरव. उभ्या गाडीत त्या दांड्यावर सगळ्यात जास्त जोर येतो, असं वेल्डरनं ट्रकमध्ये चढताना सांगितलं होतं. एकदा फिरवलं, काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. शेटजी माझ्याकडं बघायला लागले. तिसऱ्यांदा काडी मोडावी असा बारीक आवाज आला, आणि चाक त्याच्या हातात नुसतं गरगर फिरत राहिलं. पुढची टायरं जागची हलली नाहीत.

शेटजी वाटेवरून चाललेल्या बाया-लेकरांकडं बघून म्हणाले, "साहेब, उद्या इथं मायी पाणपोई राह्यली असती अन् मी तुरुंगात." आणि मग, "तुरुंगाचं जाऊ द्या. पन हे लेकरं."

पंचनामा झाला, मोडलेला दांडा जप्त केला. फसवणूक आणि लोकांच्या जिवाला धोका, अशी कलमं लावली. कोर्टात त्याला शिक्षा झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. रिकंडिशन वस्तू घेताना रंग पाहू नये, घट्टपणा पाहू नये, आपल्यासमोर खोलून पाहावी, हे शेटजी पुढं अख्ख्या बाजाराला सांगत सुटले. तेही खरंच आहे.

पण मला या केसनं शिकवलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी वेल्डरचा जबाब घेत होतो. मी फौजदारी सुरात विचारलं, "बॉक्स बसून महिना झाला. इतके दिवस काय करत होतास?"

त्यानं मान वर केली. "आलो होतो साहेब. बॉक्स बसल्याच्या तिसऱ्याच दिवशी. दारात हवालदारसाहेबाले सांगतलं. तुमी अंदर बंदोबस्ताच्या याद्या करून राह्यले होते. अंदरून आवाज आला, गाड्यांचे पार्ट बघायला काय ठाणं आहे का, हाकल त्याला. मंग मी गेलो."

माझा पेन थांबला. हवालदार खिडकीबाहेर बघत होता, त्याला बिचाऱ्याला खुलासा करायची गरज नव्हती. आवाज कोणाचा होता ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढं ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं येईल त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि पूर्ण ऐकायचं, असा दंडक घातला. लोक म्हणायचे, साहेब फार सज्जन. त्या दिवशी मात्र जबाब मी पूर्ण केला, वेल्डरला वाचून दाखवला आणि त्याची सही घेतली. तो आधी आला होता आणि मी त्याला हाकललं होतं, एवढीच गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती, आणि सही करताना त्यानंही तिच्याबद्दल विचारलं नाही.