बापूरावांच्या पेटीतले सहा छकडे

गफ्फारभाईंच्या दुकानात मोडकी वस्तू घेऊन गेलं की आधी बोलणी खावी लागतात. मी शाळेत पाचवीच्या वर्गावर ओरडते त्याच्या दुप्पट ते गिऱ्हाइकांवर ओरडतात. ब्रह्मपुरीत आमच्या घरापासून चार दारं सोडून त्यांचं दुकान आहे. धंदा फर्निचरच्या पॉलिशचा, पण नाटकमंडळ्यांच्या भाता फाटलेल्या पेट्या आणि तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी नंदी, शिंगं मोडलेले, तिथेच येऊन पडतात. एकदा एका बाईंनी सासऱ्यांच्या लहानपणचा नंदी आणला आणि त्याला छान सोनेरी रंग मारून द्या म्हणाल्या. गफ्फारभाईंनी तो नंदी उचलून त्यांच्या पिशवीत परत ठेवला आणि हातातल्या कामाला लागले.

"ज्यानं घडवलं, त्याच्या हातावर आपला हात नाई ठेवायचा, बाई," ते मला सांगायचे. जुनी वस्तू दुरुस्त करायची म्हणजे ती होती तशी करायची. वाकडी असेल तर वाकडीच. या हट्टापायी त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकं घालवली. मला मात्र त्यांच्या या हट्टाचं भारी कौतुक होतं, आणि ते मी गावभर सांगत सुटले. थोडं कमी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे धान निघालं की शंकरपट भरतात. बैलजोड्यांची शर्यत. मागे हलका दोन चाकी छकडा आणि त्यावर एकटा धुरकरी, म्हणजे हाकणारा. मधली काही वर्षं पट बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा आरमोरीकडच्या एका पट कमिटीला बापूरावांच्या छकड्यांची आठवण झाली. बापूराव म्हणजे आमच्या भागातले छकडे बनवणारे नावाजलेले सुतार, वारून बारा वर्षं झाली. त्यांच्या पत्नी बायनाबाईंकडे एक पत्र्याची पेटी होती आणि तीत सहा लहान छकडे होते, खऱ्याच्या बरोबर आठव्या हिश्श्याचे. सगळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. जिंकलेल्या छकड्यांचे हे नमुने आहेत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते दुरुस्त करून पटाच्या मंडपात मांडायचे ठरले आणि दसऱ्याच्या सुमारास पेटी गफ्फारभाईंकडे आली.

त्या तीन महिन्यांइतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते चाकाच्या एकेका आऱ्यावरचा मळ काढत. भुंग्याने पोखरलेल्या भोकांत त्याच लाकडाचा भुसा आणि सरस भरत. चाकांच्या धावा, म्हणजे कडेच्या पट्ट्या, बापूरावांनी दुधाच्या डब्याच्या पत्र्याच्या केल्या होत्या. त्या गंजून गेल्या होत्या, तर गफ्फारभाई तसलाच जुना डबा शोधायला दोन दिवस भंगारवाल्यांकडे फिरले. प्रत्येक छकड्याच्या पोटाखाली टोच्याने एकेक नाव कोरलेलं होतं. धुरकऱ्याचं असणार, हे उघडच होतं. ती अक्षरंही त्यांनी सुईने साफ केली.

एके दिवशी त्यांनी मला मुद्दाम हाक मारून बोलावलं. हातात 'लटारू' नावाचा छकडा होता. त्याचा कणा, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, डाव्या बाजूला खालून निमुळता तासलेला होता.

"पाहून राह्यल्या ना बाई? वजन काढलं इथून. कोणाले दिसू नाई म्हणून खालून काढलं. म्हणूनच जिंकत होता हा."

ते लहान मुलासारखे हसत होते. मीही हसले, आणि घरी जाऊन माझ्या धाकट्या भावाला फोन केला. नंबर फिरवणारं ते बोट मी मोडून का टाकलं नाही, असं आता रोज वाटतं.

अजय आरमोरीजवळच्या आमच्या गावी धानाची शेती करतो. बैलजोडी त्याची पोरांपेक्षा लाडकी. दुसऱ्याच दिवशी तो गफ्फारभाईंच्या दारात हजर झाला. "चाचा, मले याची मापं द्या. असाच बनवतो." गफ्फारभाई कोणाला काही सहज देत नाहीत, पण इथे त्यांच्या कामाची परीक्षाच होती. त्यांनी सूत न सूत मोजलं, आठने गुणलं आणि कागदावर नकाशा काढून दिला. कणा किती तासायचा तेही लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

जानेवारीत अजयचा छकडा तयार झाला आणि पहिलाच पट त्याने जिंकला. मंडपात सहा नमुने पाहायला ही गर्दी. त्यानंतर आठ दिवसांनी नमुने परत करायला गफ्फारभाई निघाले, म्हणून मीही बायनाबाईंकडे गेले. बाई नव्वदीच्या, दिसत जवळजवळ नाही. त्यांनी पेटी मांडीशी ओढली आणि एकेक छकडा उचलून बोटांनी चाचपायला सुरुवात केली.

"हा श्रावण. याची मांडी मोडली, मग तो कधी चालला नाई. हा दौलत." त्यांनी पुढचा उचलला. बोट कण्याखाली गेलं आणि तिथेच थांबलं. "हा लटारू. याची बायको सीता, लेकरू पोटात होतं तिच्या."

"लटारूभाऊ जिंकलेले ना, बाई?" गफ्फारभाईंनी विचारलं.

"सात पट जिंकला. आठव्यात कणा गेला न. कासरा हाताले गुंडाळला होता त्यानं, बैल थांबले नाई. वावराच्या धुऱ्यापावतर ओढत नेलं त्याले."

गफ्फारभाई म्हणाले, "पण लोक तं म्हणतेत, हे जिंकलेले छकडे होत."

"लोकाईले काय मालूम? जिंकलेल्याईचं काऊन बनवन आमचा बुढा? जिंकले ते आपापल्या घरी गेले. त्यानं दोन-अडीचशे छकडे बनवले आयुष्यात. हे सहा त्याच्या हातून चुकले. कुठी चुकलं ते डोळ्यासमोर राह्यलं पाह्यजे म्हणून बनवून ठेवले. दर अमावास्येला काढून पाह्यत बसे. त्या दिवशी जेवत नव्हता." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काही बदललं तं नाई ना, भाऊ?"

"नाई," गफ्फारभाई म्हणाले. "काहीच नाई बदललं."

परतीच्या जीपमध्ये गफ्फारभाई नदीच्या पुलावर आल्यावर म्हणाले, "रेघ मी मारली बाई, कागदावर." मला त्यांचा राग आला होता, आणि माझाही आला होता. आम्ही जीप थांबवून उतरलो आणि उलट्या वाटेने अजयच्या घरी गेलो.

अजयने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याची बायको रंजीता दाराशी उभी राहून ऐकत होती. "चाचा, त्या वेळचं लाकूड कच्चं असन. माझा कणा तिवसाच्या पक्क्या लाकडाचा आहे," तो म्हणाला. गफ्फारभाईंनी विनवलं की मी नवा जाड कणा करून देतो, तेवढा घाल. स्वतःच्या खर्चाने त्यांनी तो चार दिवसांत करून आणला आणि स्वतः बसवला. रंजीताने त्यांना चहाबरोबर शिरा करून खाऊ घातला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या पटात अजय दुसरा आला. त्याच संध्याकाळी त्याने जाड कणा काढला आणि जुना पुन्हा घातला. नंतर तो जिंकतच गेला. दोन, तीन, चार. प्रत्येक पटानंतर गफ्फारभाई जाऊन छकड्याखाली झोपत आणि कण्यावरून बोट फिरवत. पाचव्यानंतर त्यांना तिथे केसाएवढी चीर लागली. अजयला दाखवली तर तो म्हणाला, लाकडाची रेघ आहे. सहाव्यानंतर त्याने त्यांना छकड्याला हात लावू दिला नाही. छकडा आता माजघरात कुलपात असतो, दुसरे धुरकरी त्याची नासधूस करतील या भीतीने.

मी हातापाया पडले, भांडले, आईच्या फोटोची शपथ घातली. कमिटीच्या लोकांनाही जाऊन सगळं सांगितलं, लटारूचं, सात पटांचं, आठव्याचं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं तेव्हा मला वाटलं, चला, कोणीतरी शहाणं भेटलं.

गेल्या रविवारी अजय सातवा पट जिंकला. मी आणि गफ्फारभाई दोरीच्या अलीकडे उभे होतो. छकडा समोरून गेला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि तो थांबेपर्यंत सोडलं नाही. लोकांनी अजयला खांद्यावर घेतलं होतं. लाउडस्पीकरवरचा माणूस कमिटीने माझ्याकडून लिहून घेतलेल्या कागदावरून वाचत होता, की चाळीस वर्षांपूर्वी लटारूने सात पट मारले होते, आज अजयभाऊंनी त्याची बरोबरी केली, आता सगळ्या तालुक्याचं लक्ष आठव्याकडे आहे. आठवा म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अजय गुलालाने माखलेला माझ्याकडे आला. मी म्हटलं, "आता बस कर. सात झाले."

"काऊन बस करू, ताई? तूच तं सांगतलं, लटारू साताले थांबला म्हणून. आठ मारले की मी त्याच्या पुढं."

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. हात उचललाही होता. पण लोक पाहत होते, आणि तो हसत होता, आणि मी त्याच हाताने त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसला.

आठवा पट परवा आहे. कोणाचा भाऊ हरावा म्हणून मी आयुष्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं, आता सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या भावासाठी तेच मागते. गफ्फारभाई दुकान बंद ठेवून बसलेत. काल त्यांच्याकडे दोन धुरकरी आले होते, पलीकडच्या तालुक्यातले. अजयच्या छकड्याची मापं पक्की करून मागत होते. त्यांनी नाही म्हटलं तर ते म्हणाले, राहू द्या चाचा, अजयभाऊनं फोटो पाठवला आहे कागदाचा. रेघ मारलेली आहे तो.