मफलरचा वास

ओल्या लोकरीला कोवळ्या उन्हात एक मंद, मातकट गंध सुटतो. बनी पार्कातल्या आमच्या गच्चीवर या हिवाळ्यात तो रोज दरवळायचा, कारण माझी पत्नी सुलभा माझा राखाडी मफलर रोज धुवायची. जयपूरच्या थंडीत, हाडे गोठवणाऱ्या पाण्यात! मला वाटे, स्वच्छतेचा सोस, दुसरे काय?

रेल्वेत मी छत्तीस वर्षे डबे तपासले. ओव्हरहॉल होऊन आलेला डबा ताज्या रंगात झळकत रुळांवर उभा राहिला, की त्याचे मागचे सारे अपराध माफ झाल्यासारखे वाटते. दिवाळीनंतर हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवून घरी आलो, तेव्हा स्वतःविषयीही माझी हीच समजूत झाली. नळी मोकळी झाली, आता सकाळी फिरताना टपरीवर एक, फक्त एक सिगारेट ओढली तर काय बिघडले? वर बडीशेप चघळली की कुणाला कळणार?

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सिगारेटचे विचारले. "केव्हाच सोडली," मी ठासून सांगितले. साताऱ्याकडचा तो तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाला, "काका, स्टेंटने एकच जागा उघडली. बाकीच्या धमन्या जुन्याच आहेत. जे ओढत राहतात, त्यांच्या पुन्हा तुंबतात आणि ते लवकर जातात. सोडणारे जास्त जगतात. एकसुद्धा नको." सुलभा मान खाली घालून पदराशी चाळा करत होती.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मफलर रोज का धुते, माहीत आहे? तुम्हीच सांगायचात ना, आधीचे तेल पुसल्याशिवाय नवी तेलगळती दिसत नाही. मतलब, कालचा वास गेल्याशिवाय आजचा कसा कळणार?"

मेल्याहून मेल्यासारखे झाले मला! परक्यांचे प्रवास सुखरूप व्हावेत म्हणून मी जन्मभर चाकांपाशी वाकलो, आणि ही बाई रोज केवढ्या धास्तीने तो मफलर नाकाशी नेत असेल, याचा मला पत्ताही नव्हता.

त्या दिवसापासून सोडली. सोपे नव्हते, टपरीपाशी पाय घुटमळत, म्हणून फिरायची वाटच बदलली. सुलभा मात्र हुंगत राहिली, धूत राहिली. तक्रार करायला मला तोंड कुठे होते?

महिना उलटला. आज गच्चीवर ऊन तसेच कोवळे आहे, पण दोरी मोकळी आहे. सकाळी फिरून आलो तेव्हा सुलभाने मफलर नाकाशी धरला, क्षणभर थांबली, आणि बादलीकडे न वळता तो पुन्हा माझ्याच गळ्यात गुंडाळला.